मायचे मडके

आमचे गाव अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या या खोऱ्यात विहिरीचे पाणी खारट. ते घातले की काळी माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. म्हणून माय लांबून गोडे पाणी आणते. गोडलिंबाच्या बुडाशी पुरलेल्या मडक्यात ती संध्याकाळी दोन तांबे ओतते. माती सुकेल तसे मडके पाझरते. वर तुरीचे कुटार पसरलेले, म्हणजे ओल उडत नाही.

शिक्षणासाठी अमरावतीस आलो. येथे अप्पर वर्धा धरणाचे पाणी नळाला येते आणि वैशाखात भर दुपारी नळीने अंगणे भिजतात. पाने ओली, मुळे कोरडीच!

मायला अक्षरओळख नाही. पण पाणी मुळाला द्यावे, हे तिला कळते. मित्रहो, पदवी घेताना आपण एवढे तरी शिकू या.