रिकाम्या उत्तराचा अर्थ कोण सांगणार?

फायरवॉल बनवणाऱ्या एका कंपनीच्या डॉक्युमेंटेशन विभागास खुले पत्र

महोदय,

तुमच्या फायरवॉलमधली लॉगिंगची सेटिंग एआय एजंटला विचारता यावी म्हणून तुम्ही एक टूल दिलंत. त्याचं वर्णन एका ओळीत उरकलंत. त्यावर आम्ही टाकलेली तिकिटं एकेक करून 'रिझॉल्व्ड' म्हणून बंद केलीत, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकाही तिकिटात दिलं नाहीत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहावं लागतंय.

'लॉगिंगची सेटिंग मिळवते.' तुमचं वर्णन एवढंच आहे. कुठल्या लॉगची सेटिंग? ट्रॅफिकच्या, ॲडमिन लॉगिनच्या की व्हीपीएनच्या? फायरवॉलमध्येच साठणाऱ्या नोंदींची, की बाहेरच्या सर्व्हरला पाठवल्या जाणाऱ्या? आणि उत्तर रिकामं आलं तर काय समजायचं?

हा शेवटचा प्रश्न आमच्या अंगावर आला. ऑडिटच्या तोंडावर आमच्या सहकारी बँकेत एजंटला विचारलं, सगळ्या शाखांच्या फायरवॉलचे लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर जातात का? एका शाखेकडून टूलनं रिकामी यादी आणली. एररचा मेसेज नाही, काही नाही. एजंटनं अहवालात लिहून टाकलं, 'सेटिंग मूळ स्थितीत आहे, लॉगिंग सुरू आहे.' आमच्या सहकाऱ्याला शंका आली म्हणून त्यानं कन्सोल उघडून पाहिलं, तर त्या शाखेचं सिसलॉग, म्हणजे लॉग बाहेरच्या सर्व्हरला पाठवायची सोय, बंद. टूलला दिलेल्या एपीआय कीला ती सेटिंग वाचायची परवानगीच नव्हती. सेटिंग बंद आहे, कुणी बदललेलीच नाही, किंवा वाचायला परवानगी नाही, या तीन अगदी वेगळ्या परिस्थितींना तुमचं टूल एकच उत्तर देतं आणि तुमचं डॉक्युमेंटेशन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

एजंट चुकला, असं तुमच्या सपोर्टनं सुचवलं. त्यानं कशाच्या आधारावर बरोबर उत्तर द्यायचं होतं? अशी टूल एजंटला जोडण्याचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. त्यात एजंटच्या हाती टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याचा साचा हेच मुख्यतः पडतं. माणूस अडला तर दुसरी स्क्रीन उघडतो, शेजारच्याला विचारतो, अनुभवावरून ताडतो. एजंट तुमच्या त्या एका ओळीवर विसंबतो. ती ओळ अपुरी असेल तर टूलच सदोष आहे, असंच आम्ही मानतो.

सिसलॉगची तीव्रता घ्या. ० ते ७ अशा ८ पायऱ्या आहेत. ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे डीबग. आकडा जितका लहान तितकी घटना गंभीर. टूल 'तीव्रता ४' एवढंच सांगतं. ४ म्हणजे इशारा, आणि तिथे मर्यादा ठेवली की ५ आणि ६ पातळीच्या नोंदी बाहेर जातच नाहीत. यशस्वी लॉगिनची नोंद बहुधा याच पातळ्यांवर असते. चोरलेल्या पासवर्डनं रात्री कुणी आत शिरलं, तर त्याची खूण तिथेच सापडायची. हे वर्णनात कुठे आहे? तसंच ५१४ पोर्टवर यूडीपीनं पाठवलेल्या लॉगला पोच नसते. सेटिंग 'सुरू' दिसते म्हणून लॉग पोहोचतायत असं म्हणता येत नाही. याबद्दलही एक शब्द नाही.

टूल फक्त वाचतं की बदलही करू शकतं, तेही तुम्ही सांगत नाही. 'केवळ वाचन' अशी खूण टूलवर लावायची सोय प्रोटोकॉलमध्ये मार्च २०२५ पासून आहे. तुम्ही ती लावलेली नाही. ती खूण म्हणजे हमी नव्हे, म्हणून ते शब्दांतही लिहायला हवं.

सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश तुम्हाला माहीत आहेत, कारण तुमच्या विक्रीच्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख असतो. घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. लॉग १८० दिवस, भारताच्या अधिकारक्षेत्रात जपायचे. निर्देश मोडले तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद कायद्यात आहे. ती तुम्हाला लागणार नाही, आम्हाला लागेल. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी रुपये गेल्यापासून राज्यातली प्रत्येक सहकारी बँक या धास्तीत काम करते.

नोंद असणं आणि नसणं यानं किती फरक पडतो ते जून २०२३ मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या मेल सेवेत शिरलेले चिनी हेर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या लक्षात आले, कारण त्या खात्यानं महागडा परवाना घेतला होता आणि मेल उघडल्याच्या नोंदी त्याच परवान्यात मिळत होत्या. बाधित संस्था २२ निघाल्या. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं त्या नोंदी स्वस्त परवान्यातही खुल्या केल्या आणि त्या परवान्यात नोंदी जपण्याची मुदत ९० वरून १८० दिवसांवर नेली. तुमच्याकडे आम्ही नवा परवाना किंवा नवी सुविधा मागत नाही. चार परिच्छेद आणि एक स्पष्ट एरर मागतोय.

टूल कुठल्या लॉगची सेटिंग वाचतं ते लिहा. त्यासाठी कुठली परवानगी लागते ते लिहा. प्रत्येक आकड्याचा अर्थ आणि मूळ (डीफॉल्ट) मूल्य लिहा. परवानगी नसेल तर रिकामी यादी न देता स्पष्ट एरर द्या, आणि तो एररही वर्णनात नोंदवा. हे सारं टूलच्या वर्णनातच हवं, एजंट वाचतो तिथे. वेगळ्या पीडीएफमध्ये टाकलंत तर त्याला ते कधीच दिसणार नाही.

ते होईपर्यंत आमच्या बँकेत हे टूल बंद राहील. प्रत्येक शाखेचं लॉगिंग आमची माणसं कन्सोलवर बसून तपासतील, आणि तुमचं उत्पादन घ्यायचा विचार करणाऱ्या इतर बँकांनाही आम्ही हेच सांगू.

आपला,
एका सहकारी बँकेतला नेटवर्क प्रशासक