घरातील नवे बिऱ्हाड

हैदराबाद-सिकंदराबादेतील मराठी कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. विंडोज 10 या प्रणालीचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. पुढील विंडोज 11 ला टीपीएम 2.0 सारखी सुरक्षा-सामग्री लागते. त्यामुळे कित्येक जुनी, परंतु धडधाकट यंत्रे तिला पात्र ठरत नाहीत. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "आपण लिनक्स घालू." आई म्हणते, "त्यातच बाबांच्या पेन्शनचे कागद आणि ताईच्या लग्नाचे फोटो आहेत. हात लावायचा नाही." आमच्या मते दोघांचेही म्हणणे रास्त आहे, आणि दोघांनाही मानवेल असा एक मार्ग आहे.

त्या मार्गाचे नाव व्हर्च्युअल मशीन. घर न मोडता त्याच्या एका खोलीत नवे बिऱ्हाड ठेवावे, तसा हा प्रकार होय. मूळ प्रणाली घरमालक; नवी प्रणाली बिऱ्हाडकरू. घरमालक आपल्या स्मृतीचा व डिस्कचा काही भाग तिला नेमून देतो, आणि हाच आपला संपूर्ण संगणक, असे समजून ती त्यात सुखाने नांदते. ही कल्पना नवी नव्हे. आय.बी.एम. कंपनीने 1972 सालीच मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर केली होती. एकच अवाढव्य यंत्र अनेकांनी वापरावे, आणि प्रत्येकास ते स्वतःचेच वाटावे, हा तिचा हेतू होता. आज व्हर्च्युअलबॉक्ससारखी मुक्त परवान्याची आज्ञावली हीच सोय घरच्या मेजावर देते.

आता कृतीकडे वळू. प्रथम आवश्यक कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. मग व्हर्च्युअलबॉक्स घालावे. नवी प्रणाली, समजा डेबियन, तिच्या अधिकृत स्थळावरून आयएसओ फाइलच्या रूपाने उतरवून घ्यावी, व तेथेच दिलेल्या पडताळणी-अंकांशी ताडून पाहावी. घरच्या यंत्रात 8 जीबी स्मृती असेल तर बिऱ्हाडकरूस 2 ते 4 जीबी पुरते. डिस्कसाठी 25 जीबी पुष्कळ झाले. यंत्र कुरकुर करू लागले, तर बायॉसमध्ये आभासीकरणाची सोय बंद आहे काय, ते पाहावे. पुष्कळदा अडचण तेथेच असते.

स्थापना सुरू झाल्यावर एक क्षण असा येतो की पडद्यावर विचारणा होते: संपूर्ण डिस्क वापरावी काय? येथे पुष्कळांचा हात थबकतो. परंतु बिऱ्हाडकरूस दिसणारी "संपूर्ण डिस्क" म्हणजे घरमालकाच्या डिस्कवरील केवळ एक फाइल होय. म्हणून येथे निर्धास्तपणे होकार द्यावा. मात्र हाच प्रश्न प्रत्यक्ष यंत्रावर विचारला गेला, तर तेथील होकार सारे पुसून टाकतो. हा भेद ज्याला कळला, त्याला या विद्येचे अर्धे सार कळले. काम संपताच आयएसओ फाइल काढून घ्यावी. न काढल्यास स्थापना पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

भाषेची अडचण सांगणाऱ्यांस आम्ही दोन गोष्टी सांगू इच्छितो. डेबियनच्या चित्ररूप स्थापनेत मराठीची निवड करता येते. आणि आपल्या याच शहरात "स्वेच्छा" ही संस्था 2005 पासून मुक्त आज्ञावलीचे कार्य करीत आली असून, डेबियनच्या पायावर तेलुगू भाषेतील प्रणाली तिने सिद्ध केली आहे. स्वेच्छा या शब्दाचा तेलुगूत अर्थ स्वातंत्र्य. आपण मराठीत त्याचा अर्थ स्वतःची इच्छा असा करतो. हे दोन अर्थ परस्परांपासून फार दूर नाहीत. चोरीची प्रत वापरण्यापेक्षा, जी प्रणाली उघडपणे वाटावयास दिली आहे ती घ्यावी. मुलांच्या देखत तरी अवश्य घ्यावी.

दोन सावधगिरीच्या सूचना. व्हर्च्युअल मशीनमध्ये टिपलेली स्थिती, जिला स्नॅपशॉट म्हणतात, ती फसलेला प्रयोग मागे नेण्यास उत्तम. पण ती सुरक्षित प्रत नव्हे. मूळ डिस्कच बिघडली, तर घरमालक व बिऱ्हाडकरू दोघेही उघड्यावर येतात. दुसरे असे की, आतील प्रणाली कितीही नवी असली तरी बाहेरील जुनी प्रणाली तिच्यामुळे सुरक्षित होत नाही. ही रंगीत तालीम आहे. प्रयोग पुढेच आहे.

म्हणून आमचे सांगणे असे. पालकांनो, मुलास एक खोली द्या व महिनाभर पाहा. तरुण मित्रांनो, त्या महिन्यात आईला तिचे पत्र मराठीत लिहून द्या, बाबांचे पेन्शनचे कागद उघडून दाखवा, छपाईयंत्र चालते काय ते तपासा. जे घरच्यांच्या उपयोगी पडले, तेच मग खऱ्या डिस्कवर न्यावे. जे पडले नाही, ती खोली एका कळीनिशी रिकामी करता येते, आणि घराची एक वीटही हलत नाही.