काट्यावर न दिसणारी चरबी

'वजन आटोक्यात असेल तर साखरेची भीती कशाला?' असे विचारणारे पत्र वाचले. लठ्ठ माणसाने वजन उतरवावे, हे खरेच. पण सडपातळ माणूस निर्धास्त, हा निष्कर्ष आपल्याकडे फसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

पोटात, यकृतात चरबी साठली की यकृत इन्सुलिनला जुमानत नाही. उपाशीपोटी गरजेपेक्षा जास्त साखर सोडत राहते, ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगले कोलेस्टेरॉल घटते. कोलेस्टेरॉलची गोळी हृदयाला जपते, साखर उतरवत नाही. पोट उतरले तर बहुधा साखर आणि रक्तातली चरबी, दोन्ही आकडे सुधारतात.

चाकण-भोसरीत कंपनीची रात्रपाळी सुटल्यावर वडापाव-चहावर भागवणारे, हातपाय काटकुळे पण पट्ट्याचे भोक दरवर्षी पुढे सरकलेले कितीतरी जण दिसतील. वार्षिक तपासणीत वजन-उंची पाहून त्यांच्यावर 'फिट'चा शिक्का बसतो. तिथेच टेपने कंबर मोजावी (पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा) आणि साखरेच्या एचबीए१सी चाचणीबरोबर रक्तातल्या चरबीचे लिपिड प्रोफाइलही करावे. खर्च अर्थातच कंपनीचा.

– एक वाचक, भोसरी