सहा तासांचे बेट

माळव्यातल्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध बेताचाच. आमच्या इंदुरात पाणी म्हटले की नर्मदामाई आठवते, आणि तीही नळातून येते. आजोबांच्या पिढीला समुद्रोल्लंघन निषिद्ध वाटे. वडिलांच्या पिढीला ते परवडत नसे. आम्हां उभयतांना तो योग मे २०२५ मध्ये, लग्नाला तीस वर्षे झाल्यावर, आला आणि तोही कन्येच्या कृपेने. ती नोकरीनिमित्त सिंगापुरात असते. तिने चार रात्रींच्या जलपर्यटनाची दोन तिकिटे काढून ठेवली होती: सिंगापूरहून पेनांग, तेथून फुकेत आणि पुन्हा सिंगापूर. पेनांग आणि फुकेत ही दोन्ही बेटे. एक मलेशियाचे, दुसरे थायलंडचे. सरकारी नोकराला परदेशी जायचे तर खात्याची अनुमती लागते. तो कागद हाती पडेपर्यंत आमची अर्धी यात्रा कार्यालयाच्या जिन्यावरच घडली होती.

जहाजाचे वर्णन मी करणार नाही. ते एक तरंगते उपाहारगृह असते, एवढे सांगितले की पुरे. खरा प्रश्न पुढे होता. पहिल्या रात्री खोलीच्या दारात एक पत्रक येऊन पडले. उद्या पेनांगला बोट दुपारी साडेबाराला धक्क्याला लागेल, साडेसहाच्या आत सर्वांनी परत यावे, सात वाजता जहाज सुटेल. खाली जहाज कंपनीच्या सहलींची यादी आणि त्यांचे दर. ते वाचून सौ. म्हणाली, "अहो, एवढ्यात आपला दोन महिन्यांचा किराणा येतो." मलाही वाटले, की ज्याने तीस वर्षे मुलांना नकाशा वाचायला शिकवले त्याने दुसऱ्याच्या झेंडीमागे का चालावे? आपले आपणच हिंडावे.

यात एक मेख आहे, आणि असा प्रवास योजणाऱ्या वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर सामान्यतः जहाज थांबते, कारण तो उशीर त्यांचा असतो. आपल्या पायांनी गेलेल्यासाठी ते थांबत नाही. धक्क्यावर उभे राहून आपलेच कपडे आणि औषधे घेऊन चाललेल्या जहाजाकडे पाहणे, एवढेच मग हाती उरते.

म्हणून मी रात्री जागून कार्यक्रमपत्रिका तयार केली. मुख्याध्यापकाची सवय, तास पाडल्याशिवाय दिवस दिसत नाही. एक वाजता किल्ला, पावणेदोनला चर्च, सव्वादोनला चिनी देवालय, अशी थेट साडेपाचपर्यंत. सौ.ने तो कागद वाचला आणि विचारले, "मधली सुट्टी कुठे आहे?"

पेनांग बेटावरचे जॉर्जटाऊन हे शहर पायी हिंडायला सोपे. स्वेटनहॅम धक्क्यातून बाहेर पडले की समोरच उंच पांढरा घड्याळाचा मनोरा दिसतो. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८९७ मध्ये साठ वर्षे झाली त्याच्या स्मरणार्थ एका चिनी धनिकाने तो बांधवला. वर्षाला एक फूट याप्रमाणे उंची साठ फूट. मी ही माहिती सांगत असता सौ. म्हणाली, "जरा कललेला दिसतो." मला तसे वाटले नाही. पुढे फलकावर वाचले, की दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावापासून तो खरोखरच किंचित कललेला आहे.

पलीकडेच कॉर्नवॉलिसचा किल्ला. फ्रान्सिस लाइट या कंपनीच्या माणसाने जुलै १७८६ मध्ये या बेटावर पाय ठेवला आणि ताडाच्या खांबांचे एक कुंपण उभे केले. विटांचा किल्ला नंतरचा. ज्याचे नाव दिले तो कॉर्नवॉलिस आपल्या ओळखीचा. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणाला टिपूपुढे तो ठाकला तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्या बाजूने होत्या. इतक्या दूर येऊन पुन्हा तेच नाव वाचताना मनात काही बरे वाटले नाही. किल्ल्यात डच बनावटीची एक तोफ आहे, १६०३ साल कोरलेली. मूल व्हावे म्हणून बायका तिच्या तोंडात फुले ठेवीत, अशी तिची ख्याती. सौ. त्या तोफेपाशी बराच वेळ उभी होती. माझ्या पत्रिकेप्रमाणे आम्ही तेव्हाच बारा मिनिटे मागे पडलो होतो.

या शहराचे बरेचसे जुने बांधकाम हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांच्या हातचे. अंदमानच्या आधी कंपनी सरकार बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी पेनांग आणि सिंगापूरला पाठवीत असे. १८१८ मध्ये पुरे झालेले सेंट जॉर्जचे शुभ्र चर्च त्यांच्याच श्रमाने उभे राहिले. खांबांच्या देखण्या ओळीपुढे परदेशी मंडळी छायाचित्रे घेत होती. १८१८ हे साल मराठी माणसाला वेगळ्या कारणाने पाठ असते. पेशवाई बुडाली त्याच वर्षी इथे आपल्याकडचे कोणी अनामिक चुना मळीत होते की काय, या विचारापाशी मी थबकलो, आणि या वेळी घड्याळ सौ.ने दाखवले.

चर्चपासून सरळ जाणाऱ्या एकाच रस्त्यावर पुढे चिनी देवालय, हिंदू मंदिर आणि मशीद अशी ओळीने उभी आहेत. चिनी देवालय क्वान यिन या करुणेच्या देवीचे. धुराने डोळे चुरचुरत होते. ही देवी म्हणजे मूळचा आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेतलेला जो पद्मपाणी आहे तोच. चीनमध्ये जाऊन काही शतकांत तो स्त्रीरूप झाला. हे मी सौ.ला समजावून सांगत होतो. तिचे लक्ष एका म्हातारीकडे होते. म्हातारी गुडघे टेकून बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या खुळखुळवीत होती; एक काडी बाहेर पडली की तिच्यावरच्या आकड्यावरून कौल समजायचा. "आपल्याकडे देवाला कौल लावतात तसंच," सौ. म्हणाली. अवलोकितेश्वराविषयी ती काही बोलली नाही.

आता ऊन चढले होते आणि तिचा उजवा गुडघा बोलू लागला होता. हे मला दिसत होते, पण मी पाहत नव्हतो. येथील जुन्या दुकानांपुढे सलग पडवी असते. पाच फुटी वाट म्हणतात तिला. ऊन असो, पाऊस असो, माणसाने आडोशाने चालावे ही तिची योजना. प्रत्यक्षात कुठे दुचाकी, कुठे तांदळाची पोती, त्यामुळे पावलोपावली उतरायचे आणि चढायचे. क्वीन स्ट्रीटवर महामरिअम्मन मंदिरासमोर आलो तेव्हा मंदिराचे दार दुपारचे बंद होते. १८३३ चे हे देऊळ, बेटावरचे सर्वांत जुने हिंदू मंदिर. सौ. समोरच्या पडवीच्या पायरीवर बसली. "तुम्ही या जाऊन. मी इथेच आहे."

"अर्ध्या तासात आलो," मी म्हणालो. तेव्हा तीन पन्नास झाले होते.

मला खू कोंगसी पाहायचे होते. खू आडनावाच्या चिनी कुळाचे हे कुलगृह. पूर्वजांची पूजा, सभामंडप, भोवती भाऊबंदांची घरे. आधीची वास्तू पुरी होते न होते तोच १९०१ मध्ये जळाली. सम्राटाच्या प्रासादाशी बरोबरी केली म्हणून देव कोपले असे कुळातल्या लोकांना वाटले, आणि १९०६ मध्ये पुन्हा बांधली ती बेताने. बेताने म्हणजे काय, ते छपरावरचे राक्षस आणि पक्षी, भिंतीवरचे दगडी कोरीवकाम पाहिल्याशिवाय कळायचे नाही. मी प्रत्येक फलक वाचला. काही उतरवून घेतले. मुलांना दाखवता येईल असे वाटत होते. पाचाच्या सुमारास रखवालदाराने दारे लावायला घेतली, तेव्हा भानावर आलो.

धावतपळत आलो तर पायरीवर सौ. नव्हती.

वाचकहो, त्या क्षणाचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही, पण टाळताही येत नाही. दोघांत मिळून एक भ्रमणध्वनी. तो माझ्या खिशात. पारपत्रांच्या प्रती माझ्या पिशवीत. तिथले पैसे माझ्याकडे. जहाजाचे नाव आणि धक्क्याचे नाव लिहिलेला कागदही माझ्याकडे. तिच्याकडे काय होते? मनगटावर घड्याळ, आणि तेही भारतीय वेळेचे, कारण घरी माझ्या आईला औषध द्यायच्या वेळा तिला डोळ्यांपुढे हव्या असत. रोज अडीच तासांचा हिशेब ती मनात करी. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, एवढी साधी गोष्ट मी ठरवली नव्हती. शाळेच्या सहलीत चाळीस मुलांना हे मी दोन दोनदा बजावतो.

मी एक गल्ली वर गेलो, दुसरी खाली आलो. साड्यांची दुकाने, मसाल्यांचा वास, कर्ण्यांवर तमिळ गाणी. कोणाला काय विचारणार? माझी बायको पाहिलीत का, हे इंग्रजीत विचारताना आवाज आपला वाटत नाही. सव्वापाच झाले. एव्हाना मंदिर उघडले होते. दारापाशी चपलांचा ढीग, आणि त्यात एक ओळखीची जोडी: राजवाड्यापाशी घेतलेली, डाव्या अंगठ्याला मोच्याने काळ्या दोऱ्याने टाके घातलेली. मी त्या चपलांपाशी उभाच राहिलो. आत जाण्याचेही सुचेना.

ती बाहेर आली ती शेजारच्या फुलवालीसह. कपाळाला भस्म, केसांत मोगऱ्याचा गजरा. "किती वेळ!" ती म्हणाली. "अर्धा तास म्हणालात. सव्वा तास वाट पाहिली. तुम्हांला शोधायला निघणार होते, पण म्हटलं, एकाने तरी एका जागी राहावं."

हरवलो होतो तो मी. हे मला पचायला अवघड गेले.

त्या सव्वा तासात तिने फुलवालीच्या ओट्यावर बसून गजरे करू लागले होते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तमिळमध्ये फुलाला 'पू' म्हणतात आणि मोगऱ्याला 'मल्ली', हे मात्र ती शिकून आली होती. फुलवालीचे पणजोबा या बेटावर आले, हेही तिला बोटांच्या खुणांनी कळले होते. चार पिढ्या झाल्या, तरी फुलाला पू. मलेशियात तमिळ माध्यमाच्या प्राथमिक शाळा आजही सरकारी मदतीने चालतात. मी मराठीचा एम्. ए., आणि जन्मभर हिंदी माध्यमाच्या शाळेत नोकरी केली. आमच्या वाड्यातली मराठी मुले भांडतात ती हिंदीत. त्या फुलवालीला मी पुष्कळ विचारले असते. वेळ नव्हता.

जवळच्या कप्तान केलिंग मशिदीत आमची पत्रिका अडली. तेव्हा नमाजाची वेळ होऊन गेली होती, पण आत जाण्याचे त्राण दोघांतही नव्हते. दक्षिणेकडच्या मुसलमान व्यापाऱ्यांनी १८०१ मध्ये स्थापलेली ही मशीद आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. 'केलिंग' हा शब्द आपल्या कलिंगावरून आलेला. आता तिकडे तो माणसांना उद्देशून वापरणे असभ्य समजतात, नावात तेवढा उरला आहे.

परतीची वाट मी नकाशात शोधू लागलो. सौ. म्हणाली, "ते मिटा आता. कललेलं घड्याळ त्या बाजूला आहे." एक वळण घेतले, दुसरे घेतले, आणि शेवटी छपरांवरून मनोरा दिसला. सहाला दहा मिनिटे असताना आम्ही जहाजाच्या शिडीवर होतो.

त्याच रात्री मी एका कागदावर जहाजाचे नाव, धक्का, मुलीचा दूरध्वनी लिहून सौ.ला दिला, पारपत्राची एक प्रत आणि थोडे परकीय चलनही. आधी द्यायला हवे होते. जोडीने असे हिंडायला निघणाऱ्या प्रत्येकाने या वस्तू दोघांकडे वेगवेगळ्या ठेवाव्यात, आणि भेटीची जागा धक्का सोडण्यापूर्वीच ठरवावी.

दुसऱ्या दिवशी फुकेत. तिथे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. पातोंगच्या समोर नांगर टाकते आणि लहान होड्यांतून माणसे उतरवते. थायलंडचे घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे, पण होड्यांच्या फेऱ्या जहाजाच्या वेळेने. हा घोळ ऐकून सौ. म्हणाली, "मला सवय आहे." त्या दिवशीचा कार्यक्रम तिने ठरवला: समुद्रात पाय बुडवून बसणे.

आम्ही बसलो. भूक लागली तेव्हा तिने पिशवीतून एक पुडी काढली. फुलवालीने निघताना मुरुक्कू हाती ठेवला होता. आपली चकलीच, जरा फिकी. पुडीचा कागद ओळखीचा होता. 'चार पन्नास: मशीद' एवढे तेलाखालून अजून वाचता येत होते.