‘नको’ आणि ‘नये’

आमच्या मुक्ताईनगरच्या घरी सध्या सायंकाळी शुभंकरोती आटोपली की जर्मन भाषेचा पाठ सुरू होतो. नात परिचारिकेची परीक्षा उत्तीर्ण झाली असून जर्मनीस जाण्याच्या उद्योगात आहे. तेथे परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यास सामान्यतः ‘बी-२’ या पायरीपर्यंत भाषा यावी लागते.

परवा प्रकरण निघाले ते सहाय्यक क्रियापदांचे. क्योनेन म्हणजे शकणे, ड्युर्फेन म्हणजे मुभा असणे, म्युसेन म्हणजे भाग पडणे. नात म्हणाली, “आजोबा, इतर क्रियापदांस तृतीय पुरुषी ‘त’ लागतो. येथे मात्र ‘इश कान’ आणि ‘एर कान’! प्रत्यय कोठे गेला?”

मी म्हटले, “बाळ, ‘अहं वेद, स वेद’ आठव. रूप जुन्या भूतकाळाचे, अर्थ वर्तमानाचा. हीही त्याच कुळीची.” संस्कृताचा असा विजय झालेला पाहून मला किंचित गर्व झाला, हे कबूल करतो.

तो फार टिकला नाही. ‘झी म्युसेन दास निश्त नेमेन’ या वाक्याचे भाषांतर तिने ‘आपण हे घेऊ नये’ असे केले. ‘न भोक्तव्यम्’ म्हणजे खाऊ नये, तसेच हे, अशा समजुतीने मी शाबासकी दिली. दुसरे दिवशी बाईंनी त्यावर तांबडी रेघ ओढली. इंग्रजीतील ‘मस्ट नॉट’ हा निषेध खरा. परंतु जर्मनमध्ये ‘म्युसेन’ नाकारले की केवळ सक्ती जाते. अर्थ एवढाच, की ‘हे घेण्याची आवश्यकता नाही.’ निषेधास ‘झी ड्युर्फेन दास निश्त नेमेन’ असेच म्हटले पाहिजे.

रुग्णाच्या उशाशी औषधाची बाटली हाती घेऊन उभ्या असलेल्या परिचारिकेस हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. जे घेतले नाही तरी चालेल आणि जे मुळीच घेता कामा नये, त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते.

आपली मराठीही येथे निर्दोष नाही. ‘करायला नको’ असे वडील माणूस सहज म्हणते; त्यास सुचवायची असते सवलत, सुनेस ऐकू येते बंदी.

काल रात्री पाने वाढताना आमच्या घरातून उद्गार आला, “इतक्या दूर जायला नको गं!”

नातीने हळूच विचारले, “आजी, हे म्युसेन की ड्युर्फेन?”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग उत्तर आले, “म्युसेनच हो. जा, पण पत्र पाठवीत जा.”