पोट भरलेला कामगार आणि सत्तेचा प्रश्न

श्रीमंत भांडवलशाही देशांतील कामगाराने मोटार घेतली, दूरचित्रवाणी संच घेतला आणि क्रांतीवर पाणी सोडले, असे निदान करणाऱ्या पंडितांची वाण कधीच नव्हती. हर्बर्ट मार्क्यूज यांनी १९६४ साली हा वर्ग व्यवस्थेत सामावला गेल्याचे सांगितले. १९६५ साली लिन पिआओ यांनी पश्चिम युरोप व उत्तर अमेरिका यांना ‘जगाची शहरे’ ठरवून क्रांतीचा भार ‘जगाच्या खेड्यां’वर टाकला. साम्राज्यवादी नफ्यातून कामगारांचा एक वरचा थर विकत घेतला जातो, हे लेनिनने १९१६ सालीच दाखवले होते; पण थर म्हणजे वर्ग नव्हे, हा भेद दोघांच्याही हिशेबात बसला नाही.

तीन वर्षांतच फ्रान्सने उत्तर दिले. युद्धोत्तर तेजीची दोन दशके उपभोगलेला हा देश. १४ मे १९६८ रोजी नांतजवळच्या विमान कारखान्यातील कामगारांनी कारखाना ताब्यात घेऊन व्यवस्थापकाला कोंडले. दोन दिवसांत रेनोचा बियांकूर येथील प्रचंड कारखाना त्या वाटेने गेला. पाहता पाहता संपकऱ्यांची संख्या सत्तर लाखांपलीकडे, काहींच्या मते एक कोटीपर्यंत गेली. २७ मे रोजी ग्रनेल येथील वाटाघाटींतून किमान वेतनात ३५ टक्के वाढ पुढे आली आणि त्याच दिवशी बियांकूरच्या कामगारांनी ती अपुरी म्हणून धुडकावली. भाकरीच्या तराजूत क्रांती तोलणाऱ्यांनी हा दिवस तेवढा विसरावा, यात नवल नाही!

तरीही क्रांती झाली नाही, आणि याची कारणमीमांसा टाळणे हा प्रामाणिकपणा नव्हे. खालच्यांनी नकार दिला, वरचे डळमळले; कोसळले मात्र नाहीत. २९ मे रोजी द गॉल बाडेन-बाडेनला जनरल मासू यांच्याकडे धावले ते हवापालटासाठी नव्हे. सैन्य अभंग होते. उलट कम्युनिस्ट व समाजवादी यांच्यात सत्तेविषयी एकवाक्यता नव्हती. त्यांचा समान कार्यक्रम झाला तो १९७२ साली, म्हणजे लोखंड थंड झाल्यावर. ३० मे रोजी संसद विसर्जित झाली, संपाचे रूपांतर निवडणुकीत झाले आणि जूनमध्ये कम्युनिस्टांच्या जागा ७३ वरून ३४ वर आल्या. उणीव कामगारांच्या लढाऊपणाची नव्हती. सत्ता कोणी, कोणाच्या साथीने घ्यावयाची, याचे उत्तर त्या दोन आठवड्यांत कोणाकडेच तयार नव्हते. आणि असे उत्तर ऐन लढाईत घडवता येत नाही.

बियांकूरचा कारखाना १९९२ साली बंद झाला, तेव्हा पंडितांनी वर्गाचेच श्राद्ध घातले. पुढे २०२३ साली निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्ध आठही प्रमुख कामगार संघटना एकत्र आल्या. १६ मार्चला सरकारने संसदेतील मतदान टाळून घटनेच्या ४९व्या कलमाचा आधार घेतला. त्या दिवसांत पॅरिसच्या रस्त्यांवर कचऱ्याचे हजारो टन ढीग साचले होते; श्राद्ध झालेल्या वर्गाने हात थांबवले होते.