फाशांचा हिशेब

नाशिकच्या सराफ बाजारातील व्यापारी शेकडा दोन-तीन रुपये सुटावेत म्हणून दिवसभर घासाघीस करतो. त्याचाच तरुण मुलगा गोव्यास जाऊन मांडवीतील कॅसिनो-जहाजावर शेकडा सोळा रुपयांची तूट हसत पत्करतो.

‘क्रॅप्स’ या खेळात दोन फासे टाकतात. त्यांच्या जोड्या ३६. पैकी सहांची बेरीज सात. सातावरील डाव जिंकल्यास चौपट लाभ मिळतो. शंभराचे ३६ डाव धरल्यास ३,६०० रुपये गुंततात. सरासरीने सहा डाव लागून मुद्दलासह ३,००० परत येतात. तूट ६००. बारावर आमिष तीसपटीचे. परंतु तशी जोडी एकच, म्हणून तूट ५००. उलट, ‘पास लाइन’ या साध्या डावात तूट शेकडा दीडहूनही कमी. आमिषाच्या या दोन्ही डावांत तूट साध्या डावाहून मोठी.

गोव्यात कायद्याची मुभा आहे. महाराष्ट्राने आपला कधीच अमलात न आलेला १९७६चा कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. मुभेने तोट्याचा नफा होत नाही.

सप्तव्यसनांत द्यूत प्रथम गणले आहे. ते वचन ज्यांस जुने वाटते, त्यांनी निदान रोजमेळाचे ऐकावे. यंदा वहीपूजनापूर्वी हे ३६ डाव मुलांसमोर मांडून दाखवावेत.